पत्ता, वार, वेळ : अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची वाटचाल

स्मरणिकेत संस्थेचा इतिहास लिहायचा तर त्याचा साचा ठरलेला असतो. आधी संस्थापकांची तसबीर, मग पहिले कार्यकारी मंडळ, जागा कोणी दिली, कोनशिला कोणाच्या हस्ते बसली, इमारत निधीला कोणी किती दिले. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली ‘एए’, या साच्यात कुठूनही बसत नाही. गटाच्या नावावर सभागृह नाही, सभासदत्वाची वर्गणी नाही, हजेरीचे रजिस्टर नाही. अध्यक्ष असतो, पण त्या संध्याकाळपुरता. हयात सभासदाचे पूर्ण नाव छापायचे नाही, फोटोचा तर प्रश्नच नाही. म्हणून हा मजकूर सभासद नसलेल्या, पण खुल्या मीटिंगांना मागच्या बाकावर बसत आलेल्या माणसाकडे आला आहे.

मग गटापाशी असते काय? एक पत्ता, एक वार आणि एक वेळ. ‘मंगळवार, संध्याकाळी सात ते साडेआठ, महापालिकेची शाळा, पहिला मजला, जिन्याजवळची खोली.’ जगभरातल्या लाखाहून अधिक गटांची स्थावर-जंगम मालमत्ता साधारण एवढीच. माझ्या मते संस्थेचा इतिहासही यातच आहे. पिणारा माणूस त्या खोलीपर्यंत कसा पोचला, आणि खोलीचे दार त्याच्यासाठी उघडे राहावे म्हणून संस्थेने काय काय नाकारले, हे सांगितले की बाकी फारसे उरत नाही.

सुरुवात अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, अ‍ॅक्रन या टायर-कारखान्यांच्या गावी, मे १९३५ मध्ये झाली. न्यूयॉर्कचा एक शेअर दलाल कंपनीच्या ताब्यासाठी चाललेल्या भांडणात आपल्या बाजूने मते जमवायला तिथे आला होता. भांडण हरले, सोबतचे लोक परत गेले, आणि तो मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत एकटा राहिला. खिशात फारसे पैसे नाहीत. लॉबीच्या एका टोकाला बार, तिथून हसण्या-बोलण्याचे आवाज. दुसऱ्या टोकाला टेलिफोन आणि गावातल्या चर्चची यादी. त्याने पिणे सोडून पाच महिने झाले होते. त्याआधी कित्येक वर्षे दारूने त्याची नोकरी, पत आणि घर खाल्ले होते, डॉ. विल्यम सिल्कवर्थ यांच्या देखरेखीखाली तो न्यूयॉर्कच्या टाउन्स हॉस्पिटलमध्ये वारंवार दाखल झाला होता. हा बिल विल्सन. त्याचे पूर्ण नाव आता सर्वांना माहीत आहे, म्हणून लिहितो; हयातीत तो जाहीरपणे फक्त ‘बिल डब्ल्यू.’ होता.

न्यूयॉर्कमध्ये त्या पाच महिन्यांत त्याने भेटेल त्या दारुड्याला उपदेश केला होता. कोणीही सुधारला नव्हता. पण उपदेश करता करता आपण स्वतः प्यायलो नाही, एवढे त्याच्या लक्षात आले होते. त्यामुळे लॉबीतून त्याने फोन फिरवला तो मदत मागायला नव्हे. मला बोलायला एक पिणारा माणूस हवा आहे, असे तो म्हणाला. हे वाक्य ऐकून फोन ठेवून न देणारा पाद्री त्या दिवशी भेटला, हे नशीबच. वॉल्टर टंक्स या पाद्र्याने काही नावे दिली, त्यांतून दुसरी नावे निघाली आणि शेवटी हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत निरोप गेला. त्यांच्या ओळखीचे एक डॉक्टर होते.

दुसऱ्या दिवशी रविवारी संध्याकाळी पाच वाजता सायबरलिंगबाईंच्या घरी डॉ. रॉबर्ट स्मिथ आले ते कुरकुरतच. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बसणार नाही, असे त्यांनी पत्नीला आधीच बजावले होते. ते शल्यचिकित्सक, वय पंचावन्न, हात थरथरत असलेले. रात्री अकरा वाजून गेल्यावर ते उठले. पुढे डॉक्टरांनी याचे कारण सांगितले ते साधे होते: दारूबद्दल त्यांनी खूप वाचले होते, खूप जणांचे ऐकले होते, पण स्वतः तसेच पिऊन बसलेला माणूस त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलत होता.

त्या भेटीनंतर डॉक्टर तडक सुधारले, असे झाले नाही. काही दिवसांनी ते वैद्यकीय अधिवेशनासाठी अटलांटिक सिटीला गेले, तिथे प्यायले आणि शुद्ध हरपलेल्या अवस्थेत परतले. दुसरीकडे शस्त्रक्रियेची तारीख ठरलेली होती. १० जून १९३५ च्या सकाळी हात स्थिर राहावेत म्हणून बिलनेच त्यांना बिअरची एक बाटली दिली. ती त्यांची शेवटची. एए आपला स्थापना दिवस तोच मानते. जगातल्या सर्वांत मोठ्या मद्यमुक्ती संस्थेचा वर्धापनदिन बिअरच्या बाटलीपासून मोजला जातो, याचे तिथल्या जुन्या सभासदांना मोठे कौतुक असते.

मग दोघांनी अ‍ॅक्रनच्या सिटी हॉस्पिटलमध्ये फोन केला: तुमच्याकडे कोणी दारुडा दाखल आहे का? होता. दोन परिचारिकांना मारहाण करून आणि पलंगाला बांधून घेऊन एक वकील तिथे पडून होता. हा तिसरा सभासद. तो ४ जुलैला रुग्णालयातून बाहेर पडला आणि मरेपर्यंत प्यायला नाही. तीन माणसे झाली म्हणजे गट झाला. आजही नव्या गटाचा मुहूर्त असाच होतो: दोघे असतात, तिसऱ्याच्या शोधात असतात.

पहिली चार वर्षे या मंडळींना स्वतःचे नावही नव्हते. सुरुवातीला ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती चळवळीच्या बैठकांत ती बसत. अ‍ॅक्रनमध्ये एका हितचिंतकाच्या घरी, न्यूयॉर्कमध्ये बिल आणि त्याची पत्नी लोइस यांच्या ब्रुकलिनमधल्या घरी दर मंगळवारी. कॉफी बायका करत. डॉक्टरांच्या पत्नी अ‍ॅन नव्याने आलेल्याचे नाव आणि त्याच्या बायकामुलांची नावे लक्षात ठेवत, अशी त्यांची ख्याती आहे. इतिहास लिहिणारे बिल आणि डॉक्टरांवर प्रकरणेच्या प्रकरणे खर्च करतात. अ‍ॅनच्या स्वयंपाकघराला एक परिच्छेद मिळतो. वास्तविक दारात आलेल्या माणसाला ‘बसा, खाल्लंत का काही?’ असे विचारणारे कोणी नसते, तर या गोष्टीचे दोन शहरांपलीकडे काही झाले नसते.

गावाबाहेरच्या माणसाने हे दार शोधायचे कसे, हा प्रश्न १९३८ पर्यंत तातडीचा झाला. उत्तर निघाले पुस्तकाचे. एप्रिल १९३९ मध्ये ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ याच नावाचे पुस्तक छापले गेले आणि संस्थेलाही तेच नाव चिकटले. किंमत साडेतीन डॉलर, त्या काळाच्या मानाने चढी. घेणाऱ्याला पैसे वसूल झाल्यासारखे वाटावे म्हणून कागद मुद्दाम जाड वापरला. त्यामुळे ते ‘बिग बुक’ झाले. सुमारे पाच हजार प्रती छापल्या आणि बराच काळ गोदामात पडून राहिल्या. पण पुस्तकाबरोबर न्यूयॉर्कमधल्या टपालपेटीचा एक क्रमांक बाहेर पडला होता. ज्याच्या गावात मीटिंग नाही त्याने लिहावे कुठे, याची सोय झाली होती.

१ मार्च १९४१ च्या ‘सॅटरडे इव्हनिंग पोस्ट’ या मोठ्या खपाच्या साप्ताहिकात जॅक अलेक्झांडर या पत्रकाराचा लेख आला. तो मुळात भोंदूगिरी उघड करायला निघाला होता. महिनाभर या लोकांबरोबर फिरून मत बदलून परतला. मग त्या टपालपेटीत हजारो पत्रे येऊन पडली: बायकांची, आयांची, डॉक्टरांची, स्वतः पिणाऱ्यांची, काही पत्रे पिऊनच लिहिलेली. रूथ हॉक ही एकमेव सचिव आणि मदतीला आलेले स्वयंसेवक यांनी छापील चिठोरे न पाठवता पत्रांना उत्तरे लिहिली आणि पत्र ज्या भागातले, तिथे कोणी फिरता विक्रेता सभासद जाणार असेल तर त्याच्या हाती पत्त्यांची यादी दिली. वर्षाच्या सुरुवातीला सभासद दोन हजारांच्या आसपास होते, अखेरीस आठ हजार. संस्थेच्या वाढीतले हे निर्णायक वर्ष आहे आणि ते उभे आहे पत्रांना उत्तर देण्यावर.

आता नाकारण्याची गोष्ट. बिल मुळात दलाल, मोठी स्वप्ने पाहणारा. त्याला रुग्णालयांची साखळी, पगारी प्रचारक, कोट्यवधींचा निधी हे सगळे हवे होते. जॉन डी. रॉकफेलर यांच्या माणसांपर्यंत तो पोचलाही. रॉकफेलरनी सगळे समजून घेतले आणि फक्त पाच हजार डॉलर दिले. पैशाने या कामाचा विचका होईल, असे त्यांचे मत पडले. त्या दिवशी बिल खट्टू झाला असणार. त्याच सुमारास टाउन्स हॉस्पिटलच्या मालकाने बिलला पगारी उपचारक म्हणून नोकरी देऊ केली. घरात तेव्हा चूल पेटायची मारामार होती, लोइस दुकानात नोकरी करत होती. बिल आनंदाने मीटिंगला आला आणि त्याने ही बातमी सांगितली. समोर बसलेल्यांनी, त्याच्यामुळेच प्यायचे थांबलेल्यांनी, त्याला नकार दिला: तू पैसे घेऊन हे करू लागलास तर आम्ही तुझ्याकडे कशाला येऊ? बिलने नोकरी नाकारली. संस्थापकाला सभासदांनी गप्प बसवले आणि संस्थापकाने ऐकले. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक संस्थांचे इतिहास वाचलेल्या कोणालाही हा प्रसंग दुर्मिळ वाटेल.

अशा अनुभवांतून बारा परंपरा तयार झाल्या. बारा पायऱ्या माणसाने कसे सुधारायचे ते सांगतात. बारा परंपरा संस्थेने कसे बिघडायचे नाही ते सांगतात. १९४६ मध्ये त्या लिहिल्या गेल्या आणि १९५० मध्ये क्लीव्हलंडच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय संमेलनात मान्य झाल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात डॉ. स्मिथ गेले. सभासदत्वाची अट एकच: पिणे थांबवण्याची इच्छा. प्यायचे थांबलेले असणे ही अट नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण घरचे लोक नेहमी म्हणतात, ‘आधी चार दिवस सोडू द्या, मग पाठवतो.’ बाहेरच्यांकडून देणगी घ्यायची नाही. मालमत्ता करायची नाही. आणि दहावी परंपरा: बाहेरच्या कुठल्याही प्रश्नावर संस्थेने मत द्यायचे नाही.

या दहाव्या परंपरेमागे शंभर वर्षांपूर्वीचा एक धडा होता. १८४० मध्ये बाल्टिमोरच्या एका दारूच्या गुत्त्यात सहा पिणाऱ्यांनी शपथ घेऊन ‘वॉशिंग्टोनियन’ नावाची चळवळ काढली होती. तीही आपबीती सांगण्यावर उभी, तीही झपाट्याने वाढली. मग दारूबंदीचे राजकारण, भाषणबाज पुढारी आणि आपसातले वाद यांत ती काही वर्षांतच विरून गेली. एएच्या लोकांना ती वाचून माहीत होती.

आपल्याकडे ही परंपरा पचायला जड जाते. महाराष्ट्रात दारूविषयी सार्वजनिक बोलणे म्हणजे प्रामुख्याने दारूबंदीविषयी बोलणे. गडचिरोलीत १९९३ मध्ये लोकांच्या चळवळीतून दारूबंदी आली. चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. गावोगावच्या बायकांनी मतदानात बाटली आडवी करून दुकाने बंद पाडली. हे लढे मोठे आहेत. एएला विचारा, तुमची बाजू कोणती? ती म्हणणार, आमची बाजू नाही. कार्यकर्त्यांना हा पळपुटेपणा वाटतो. मलाही कधी कधी वाटला आहे. पण दुकान चालू असो की बंद, ज्याचे हात सकाळी थरथरतात त्याला त्याच संध्याकाळी कुठे तरी जाऊन बसायचे असते, आणि त्या खोलीत गुत्तेवाला, पोलीस आणि दारूबंदी कार्यकर्त्याचा मुलगा असे तिघेही येऊ शकले पाहिजेत.

भारतातील एए आपली सुरुवात १९५७ पासून मोजते. परदेशी नोकरदार सभासद दिल्लीत आले, न्यूयॉर्कच्या कार्यालयाशी पत्रव्यवहार, वर्तमानपत्रांत छोट्या जाहिराती, आणि मग मुंबईत मूळ धरणे, असा तो प्रवास आहे. म्हणजे इथेही पहिले दार टपालातूनच उघडले. त्या वेळच्या मुंबईचे चित्र डोळ्यांपुढे आणले की गंमत वाटते. मुंबई राज्यात १९४९ च्या कायद्याने दारूबंदी होती. प्यायचे तर परवाना लागे. बाकी शहर काळा गूळ आणि नवसागराच्या हातभट्टीवर आणि आंटीच्या अड्ड्यावर चालत होते. कागदोपत्री दारू नसलेल्या शहरात ‘मी दारुडा आहे’ असे उभे राहून म्हणणे म्हणजे जवळपास गुन्ह्याची कबुली. नाव न सांगण्याच्या नियमाची किंमत अ‍ॅक्रनपेक्षा इथे जास्त होती. पुढे साठच्या दशकात कायदा सैल झाला, गुत्ते रस्त्यावर आले, आणि गटांना माणसे कमी पडण्याची चिंता राहिली नाही.

सुरुवातीचे वळण इंग्रजी बोलणाऱ्या, बऱ्याच अंशी ख्रिस्ती वस्त्यांचे होते. चर्चचा हॉल सहज मिळे, हेही त्याचे एक कारण. गोव्यातही गट चर्चच्या आवारातूनच फोफावले. वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये १९८१ साली फादर जो परेरा यांनी ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केले, तेही एएच्या बारा पायऱ्यांना अय्यंगार योगाची जोड देऊन. फादर स्वतः दारूतून बाहेर आलेले, आणि हे त्यांनी कधी लपवले नाही. मराठी मुलखात या विषयाची कोंडी फुटली ती मात्र पुण्यात. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलेले लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांच्या प्रतिष्ठानने एक लाख रुपये दिले, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केले. ती उपचार संस्था आहे, एए नव्हे. या दोहोंत गल्लत करू नये. केंद्रात माणूस काही आठवडे राहतो आणि घरी जातो. घरी गेल्यावर पहिल्या पगाराच्या दिवशी, पहिल्या लग्नाच्या वरातीत, पहिल्या गटारीला काय, हा प्रश्न उरतो. तिथे आठवड्याच्या मीटिंगचे काम सुरू होते. ‘मुक्तांगण’ने आपल्या रुग्णमित्रांसाठी गावोगावी पाठपुरावा गट उभे केले ते हे ओळखूनच.

शाळेच्या खोलीतली मीटिंग एकदा जवळून पाहू. बाक तिसरीच्या मुलांच्या मापाचे, त्यामुळे साठीच्या माणसाचे गुडघे छातीला लागतात. फळ्याच्या कोपऱ्यात दिवसाचा सुविचार आणि पटसंख्या तशीच असते. ती पुसायची नाही, हा अलिखित नियम. कोणी तरी पिशवीतून गुंडाळलेले कापड काढतो आणि खिळ्याला अडकवतो: मराठीत रंगवलेल्या बारा पायऱ्या. खालच्या टपरीवरून किटलीत चहा येतो. बरोबर सातला त्या दिवशीचा चेअरपर्सन प्रास्ताविक वाचतो. मग एकेक जण पुढे येतो. ‘नमस्कार. मी अमुक, आणि मी मद्यपी आहे.’ सगळे एका सुरात त्याला नावाने नमस्कार करतात. तो बोलतो, उरलेले ऐकतात. मध्ये कोणी बोलत नाही, कोणी सल्ला देत नाही, ‘तुम्ही असं करायला हवं होतं’ हे वाक्य या खोलीत वर्ज्य. काय ऐकले ते इथे लिहिता येत नाही. खोलीतले खोलीत राहते. एवढे सांगतो की हशा खूप असतो. उसने पैसे मिळवण्यासाठी जिवंत आजीला तीनदा मारणे, बाटली फ्लशच्या टाकीत लपवणे, असल्या गोष्टींना बाहेरचे लोक कपाळाला हात लावतील. इथे पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सगळे खो खो हसतात, कारण प्रत्येकाने ते केलेले असते.

शेवटी कापडी पिशवी फिरते. कोणी दहा टाकतो, कोणी पन्नास. खोलीचे भाडे, चहा, छापील साहित्य यातून भागते. पहिल्यांदा माझ्यापर्यंत पिशवी आली तेव्हा हात खिशाकडे गेला, तर शेजारच्याने हळूच ती पुढे सरकवली आणि म्हणाला, ‘साहेब, तुमचे चालत नाहीत.’ पैसे नाकारणारी सार्वजनिक संस्था मी तेवढी एकच पाहिली आहे.

या मंडळींची भाषा सांगितली पाहिजे, कारण नव्या माणसाला ती पहिल्या दिवशी गोंधळात टाकते. अनुभव सांगणे म्हणजे ‘शेअरिंग’. पुन्हा प्यायला तर ‘स्लिप’. ज्याला रात्री दोन वाजता फोन करता येतो तो ‘स्पॉन्सर’. वर्षभर न प्यायल्याचा ‘बर्थडे’. त्या दिवशी केक, पदक आणि बायकोला बोलायची संधी, जी ती बहुधा सोडत नाही. ‘फक्त आजचा दिवस’ हे सर्वांत जास्त वेळा कानावर पडणारे वाक्य. आयुष्यभर पिणार नाही अशी शपथ इथे कोणी घालत नाही. सभासदांपैकी बहुतेकांनी ती देवापुढे, आईच्या डोक्यावर हात ठेवून, मुलाच्या आजारपणात घेऊन झालेली असते.

शपथेवरून माळेकडे आलो. महाराष्ट्रात पिणे सोडणाऱ्यांचा एक जुना मार्ग म्हणजे गळ्यात तुळशीची माळ घालणे. माळ घातली की गावाला कळते, मग कोणी आग्रह करत नाही, वारीची सोबत मिळते, संध्याकाळी भजनाला जाऊन बसता येते. गुत्त्याऐवजी बसायला जागा आणि सोबतीला माणसे, हे दोन्ही मार्गांत सारखे. म्हणूनच बारा पायऱ्यांतली ‘आपल्याहून मोठी शक्ती’ आपल्याकडच्या माणसाला फारशी खटकत नाही. तो तिथे विठोबा बसवतो आणि पुढे जातो. खटकते ती शिकलेल्या नास्तिकाला. त्याला जुने सभासद सांगतात, तुझ्यासाठी हा गटच ती शक्ती समज. काहींचे समाधान होते, काही परत येत नाहीत.

परत न येणाऱ्यांची संख्या थोडी नाही, हे स्मरणिकेतही लपवू नये. रजिस्टर नसल्यामुळे नेमके किती जण टिकतात हे संस्था स्वतः सांगू शकत नाही. संशोधकांनी मात्र मोजले आहे. २००६ च्या कॉक्रेन आढाव्याला एएच्या बाजूने ठोस पुरावा सापडला नव्हता. २०२० मध्ये जॉन केली, कीथ हम्फ्रीज आणि मारिका फेरी यांनी २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक माणसांचा नवा आढावा घेतला. बारा पायऱ्यांकडे आणि मीटिंगकडे पद्धतशीरपणे वळवलेले रुग्ण, इतर मान्यताप्राप्त मानसोपचार घेतलेल्यांच्या तुलनेत, सलग न पिता राहण्यात पुढे दिसले. म्हणजे तिथे नुसती चिठ्ठी हातात देण्यापेक्षा माणसाला दारापर्यंत नेऊन सोडणे कामाला येते. हे अ‍ॅन स्मिथला आकडेवारीशिवाय माहीत होते.

घरच्यांचे काय? नवऱ्याची मीटिंग संपेपर्यंत बायका बाहेर थांबत, आपसात बोलत. त्यातूनच १९५१ मध्ये लोइस विल्सन आणि तिच्या मैत्रिणीने ‘अल-अ‍ॅनॉन’ हे कुटुंबीयांचे वेगळे संघटन उभे केले. मुंबईतही त्याचे गट आहेत. तिथे येणाऱ्या बाईला पहिल्यांदा सांगितले जाते की त्याचे पिणे तुझ्यामुळे नाही, ते तुला आवरता येणार नाही आणि बरेही करता येणार नाही. आपल्याकडे हे ऐकून बायका आधी चिडतात, असे जुन्या सभासद बायकाच सांगतात. उलट, पिणाऱ्या बाईची जागा अजून अवघड आहे. पन्नास पुरुषांच्या खोलीत एकटीने जाऊन बसणे तिला शक्य नसते. मोठ्या शहरांत स्त्रियांच्या वेगळ्या मीटिंगा होतात, जिल्ह्याच्या गावी क्वचितच. संस्थेची ही कमतरता खरी आहे. ऑनलाइन मीटिंगांनी ती थोडी भरून काढली. २०२० च्या टाळेबंदीत शाळा आणि चर्च बंद झाल्यावर गट झूमवर गेले, आणि कॅमेरा बंद ठेवून ऐकता येते हे कळल्यावर ज्या बायका कधी आल्या नसत्या त्या आल्या.

आता, ही स्मरणिका ज्याच्या हाती योगायोगाने पडेल त्याच्यासाठी. जवळची मीटिंग शोधायला एएच्या हेल्पलाइनवर फोन करावा. पलीकडे सभासदच असतो. नाही तर जिल्हा रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकाला विचारावे, किंवा केंद्र सरकारच्या १४४४६ या व्यसनमुक्ती क्रमांकावर. तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. मीटिंग खुली आहे की फक्त पिणाऱ्यांसाठी? भाषा कोणती? आणि पहिल्या दिवशी कोणी न्यायला येईल का? येतात. बहुधा दोघे येतात, एकटा जात नाही, हा जुना शिरस्ता. नाव खरे सांगायची गरज नाही. बोलायची सक्ती नाही. पिऊन आलात तरी गडबड न करता बसता येते. पहिली मीटिंग आवडली नाही तर दुसऱ्या वाराची, दुसऱ्या वस्तीतली पाहावी. गटागणिक हवा वेगळी असते, कुठे रिक्षावाले जास्त, कुठे बँकवाले. रोज खूप पिणाऱ्याने मात्र एकदम बंद करताना आधी डॉक्टरला दाखवावे. फेफरे येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो, आणि त्यावर मीटिंग हा इलाज नाही.

तालुक्याच्या गावी गट काढू पाहणाऱ्यांना जुन्यांनी दिलेल्या सूचना इथे नोंदवून ठेवतो. दोन माणसे पुरतात. जागा शक्यतो एसटी स्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर असावी, पण बाजारपेठेच्या तोंडावर नको. एकदा ठरलेला वार सहसा बदलू नये. दवाखान्याच्या फळ्यावर लावलेला कागद नंतर कोणी बदलत नाही. गावच्या पोलीस पाटलाला, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला आणि आशाताईंना प्रत्यक्ष भेटून सांगावे. खोली फुकट मिळत असली तरी थोडेफार भाडे द्यावे आणि पावती घ्यावी, म्हणजे कोणाचे उपकार राहत नाहीत. किल्ली एकाकडेच ठेवू नये. आणि शाळेची खोली असेल तर परीक्षांच्या दिवसांत ती मिळत नाही. त्या दोन-तीन आठवड्यांची पर्यायी जागा मुख्याध्यापकांशी बोलून जूनमध्येच ठरवून घ्यावी.